संगणकीय दस्तऐवजातील परिच्छेद-शैली : बिघाड, कारणे आणि उपाय

पेढीवरचा पत्रव्यवहार एके काळी कारकुनाच्या वळणदार अक्षरावर चालत असे. पुढे टंकलेखन यंत्र आले आणि आता त्याची जागा संगणकाने घेतली आहे. भावपत्रक असो, बँकेकडे द्यावयाचा अर्ज असो, भागीदारीचा करारनामा असो वा संघटनेचा वार्षिक अहवाल असो, सर्व काही संगणकावरच सिद्ध होते. १९८३ साली प्रथम बाजारात आलेली 'वर्ड' ही प्रणाली बहुतेक कार्यालयांत आहे. काही ठिकाणी २०१० पासून विनामूल्य मिळणारी 'लिब्रे ऑफिस' वापरतात. या प्रणालींवर रोज काम करणारे हात पुष्कळ आहेत. तथापि ज्या एका व्यवस्थेवर त्यांची सारी मांडणी उभी आहे, ती परिच्छेद-शैलीची व्यवस्था समजून घेतलेली माणसे फार थोडी आढळतात. त्यामुळे मजकूर मनासारखा बसला नाही की 'संगणक बिघडला' असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो. वस्तुतः संगणक बिघडलेला नसतो. आपण नकळत दिलेली आज्ञा तो बिनचूक पाळत असतो.

हा विषय केवळ टापटिपीचा आहे, असे कोणास वाटेल. प्रस्तुत लेखकाचेही काही वर्षांपूर्वीपर्यंत तेच मत होते. एका प्रसंगाने ते बदलले. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनाचे प्रयोजन ध्यानी येईल.

एका व्यापारी संस्थेच्या नियमावलीत दुरुस्ती करावयाची होती. नियम एकंदर ३१. त्यांतील १७ वा नियम वर्गणीचा आणि १८ वा सभासदांच्या आपसांतील तंट्यांसाठी नेमावयाच्या लवादाचा. वर्गणीचा नियम बदलण्याचे ठरले आणि ठरावाचा मसुदा असा झाला : 'नियम १७ रद्द करून त्याऐवजी पुढील मजकूर घालावा.' सभेच्या सूचनेसोबत संपूर्ण नियमावली छापून पाठवावयाची होती. तिची प्रत संगणकावर तयार करताना ९ व्या नियमाच्या वर एक रिकामी ओळ राहिलेली कारकुनास दिसली. ती काढण्यासाठी त्याने त्या नियमाच्या आरंभी जाऊन बॅकस्पेसची कळ एकदा दाबली. ओळ गेली नाही, परंतु त्या नियमाचा क्रमांक मात्र गेला. हे काही त्याच्या लक्षात आले नाही. क्रमांक आपोआप पडणारे असल्यामुळे पुढील सर्व नियम एकेक पायरी वर सरकले. १७ वा नियम १६ वा झाला आणि लवादाचा नियम १७ च्या जागी येऊन बसला. ठरावातील '१७' हा आकडा हाताने लिहिलेला असल्यामुळे होता तसाच राहिला. ती सूचना तशीच जाती, तर वर्गणी वाढविण्यासाठी जमलेल्या सभेने स्वतःचा लवाद रद्द केला असता, आणि तोही सर्वानुमते! छापण्यापूर्वी एका वयोवृद्ध सभासदांनी जुनी प्रत शेजारी ठेवून नियम मोठ्याने वाचून काढले, म्हणून चूक सापडली.

एका कळीचा हा परिणाम पाहिल्यावर त्यामागील कारण शोधण्याची इच्छा झाली. त्या शोधातून जे हाती लागले, ते व्यापारी बंधूंच्या आणि त्यांच्या कार्यालयांतील लेखनिकांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शैली म्हणजे काय?

आपल्या हिशेबाच्या पद्धतीत रोजकीर्द असते आणि खतावणी असते. ज्याचे त्याचे खाते खतावणीत एकाच ठिकाणी असते, आणि खाते कोणते हे ठाऊक असले की त्या माणसाविषयीचा सर्व व्यवहार तेथे पाहता येतो. परिच्छेद-शैली हे असेच एक खाते आहे. अक्षराचा प्रकार म्हणजे फॉन्ट, अक्षराचा आकार, दोन्ही बाजूंचे समास, ओळींमधील अंतर, परिच्छेदाच्या आधी व नंतर सोडावयाची जागा, मजकुराची भाषा, क्रमांक असल्यास त्याची पद्धत, हे सारे शैलीच्या नावाखाली एकदाच नोंदवून ठेवतात. मग प्रत्येक परिच्छेदाने फक्त आपण कोणत्या खात्यातले एवढेच सांगावयाचे. 'हेडिंग १' या शैलीचे वीस मथळे असतील, तर त्यांचा आकार वीस वेळा बदलावा लागत नाही. खात्यात एकदा बदल केला की वीसही मथळे बदलतात.

याशिवाय दुसरा एक मार्ग असतो. मजकूर निवडून तो तेथल्या तेथे ठळक करणे, मोठा करणे, मध्यभागी आणणे. याला आपण थेट मांडणी म्हणू. खतावणीला हात न लावता पानावर चिकटविलेल्या चिठ्ठीसारखी ती असते. चिठ्ठी वर असल्यामुळे खालचे खाते दिसत नाही, आणि संगणकाचाही नियम असाच आहे की शैली आणि थेट मांडणी यांत विरोध आला तर थेट मांडणीचे चालते. एखाददुसऱ्या शब्दापुरती चिठ्ठी चिकटविणे गैर नाही. परंतु चाळीस पानांच्या अहवालात चारशे चिठ्ठ्या झाल्या, म्हणजे त्यांतून खरे खाते शोधणे दुरापास्त होते.

आणखी एक गोष्ट. शैलीलाही पूर्वज असतात. वर्डमधील बहुतेक शैली 'नॉर्मल' नावाच्या मूळ शैलीवर आधारलेल्या असतात. आधार-शैलीत जो गुण बदलावा तो वंशातील सर्व शैलींत उतरतो. त्या शैलीने स्वतः निराळे काही ठरविले असेल, तरच ती अपवाद ठरते.

शेवटी, परिच्छेदाची ही सगळी माहिती राहते कोठे? तर परिच्छेदाच्या अखेरीस असलेल्या एका अदृश्य खुणेत. एंटरची कळ दाबली की ती खूण उमटते. ती पुसली गेली की दोन परिच्छेद जोडले जातात आणि त्यांतील एकाचे रूप दुसऱ्यावर चढते. मथळा एकाएकी साध्या मजकुरासारखा दिसू लागला, किंवा साधा मजकूर मथळ्याएवढा फुगला, तर बहुधा ही खूण पुसली गेली आहे असे समजावे.

प्रथम निदान, मग उपचार

कोणताही बिघाड दुरुस्त करण्यापूर्वी दस्तऐवजाची एक प्रत निराळ्या नावाने ठेवावी. त्यानंतर पुढील तीन साधनांनी परीक्षा करावी.

पहिले साधन अदृश्य खुणा दिसत्या करणे. वर्डमध्ये कंट्रोल व शिफ्ट धरून ८ ची कळ दाबली, की परिच्छेदाच्या खुणा, रिकाम्या जागा आणि टॅब हे सर्व पडद्यावर दिसू लागते. ते छापले जात नाही, म्हणून निर्धास्तपणे दिसते ठेवावे. आमच्या त्या कारकुनाने खुणा दिसत्या ठेवल्या असत्या, तर रिकामी ओळ म्हणजे नियमाच्या वरचा एक स्वतंत्र रिकामा परिच्छेद आहे, आणि तो पुसावयाचा तर कर्सर त्याच परिच्छेदात न्यावयास हवा, हे त्यास दिसले असते.

दुसरे साधन शिफ्ट आणि एफ १. या कळा दाबल्या की बाजूस 'रिव्हील फॉरमॅटिंग' नावाचा तक्ता उघडतो. त्याच्या तळाशी शैलीचा उगम वेगळा दाखविण्याचा एक पर्याय आहे. तो निवडला म्हणजे कोणता गुण शैलीतून आला आणि कोणता थेट चिकटविला गेला, हे निरनिराळे वाचता येते. खाते कोणते आणि चिठ्ठी कोणती, याचा निवाडा येथेच होतो.

तिसरे साधन शैलींच्या यादीखालील 'स्टाईल इन्स्पेक्टर'. यात परिच्छेद आणि अक्षरे यांचे स्वतंत्र चौकोन असून थेट मांडणी असल्यास ती तेथल्या तेथे पुसण्याची सोयही आहे. लिब्रे ऑफिसमध्ये एफ ११ दाबल्यावर शैलींची यादी उघडते, आणि कर्सर ज्या परिच्छेदात असेल त्याच्या शैलीचे नाव तीत उठून दिसते.

आता नेहमी आढळणारे बिघाड एकेक करून पाहू.

एक बदलले आणि सगळे बदलले

एका मथळ्याखाली रेघ ओढावी आणि सर्व मथळ्यांखाली रेघा याव्यात, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. याची कारणे दोन असू शकतात. त्या शैलीच्या व्याख्येत 'ऑटोमॅटिकली अपडेट' हा पर्याय चालू असेल, तर एका परिच्छेदावर हाताने केलेला बदल शैलीतच जमा होतो. शैलीच्या नावावर उजवी कळ दाबून 'मॉडिफाय' निवडावे आणि तो पर्याय बंद करावा. लिब्रे ऑफिसमध्येही अशा अर्थाचा पर्याय शैलीच्या पहिल्या पानावर असतो. 'नॉर्मल' या शैलीस मात्र वर्ड हा पर्याय देतच नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरे कारण वंशपरंपरेचे. 'नॉर्मल' शैलीत ओळींमधील अंतर बदलले, आणि मथळे, तळटीपा व कोष्टकांतील मजकूर या सर्वांचे अंतर बदलले, तर दोष कोणाचाच नाही. मुळात फेरफार केला, तो फांद्यांपर्यंत गेला. म्हणून सामान्य मजकुरासाठी 'बॉडी टेक्स्ट' किंवा स्वतः नाव दिलेली शैली वापरावी आणि 'नॉर्मल'ला शक्यतो हात लावू नये.

क्वचित असे होते की काल व्यवस्थित ठेवलेला दस्तऐवज आज उघडताच निराळा दिसतो. अशा वेळी तो ज्या नमुना-फाईलीवर, म्हणजे टेम्प्लेटवर, आधारलेला आहे तिच्याकडे पाहावे. दस्तऐवज उघडताना टेम्प्लेटमधील शैली आपोआप उतरविण्याची आज्ञा चालू असेल, तर टेम्प्लेटमध्ये कोणी केलेला बदल येथे येऊन पोहोचतो. एकच फाईल दोन कार्यालयांत फिरत असेल तर ही आज्ञा बंद ठेवणे श्रेयस्कर.

शैली लावली तरी मजकूर जुमानीत नाही

याचे उत्तर वर आलेच आहे. शैलीवर चिठ्ठी चिकटलेली असते. वर्डमध्ये परिच्छेद निवडून कंट्रोल व क्यू दाबले असता समास, अंतर इत्यादी परिच्छेदाची थेट मांडणी निघून जाते. कंट्रोल व स्पेस यांनी अक्षरांची थेट मांडणी निघते. लिब्रे ऑफिसमध्ये कंट्रोल व एम यांनी हेच कार्य साधते. परंतु अक्षरांची मांडणी पुसताना विचार करावा. परिच्छेदात मुद्दाम ठळक केलेले एखादे नाव किंवा रक्कम असेल, तर तीही साधी होते. पुसणे सोपे असते, पण काय पुसले हे आठवणे कठीण असते.

येथे वर्डचा एक नियम माहीत असला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे शैलीचे वर्तन लहरी वाटते. परिच्छेदातील निम्म्याहून अधिक मजकुरावर थेट मांडणी असेल, तर नवी शैली लावताना वर्ड ती मांडणी काढून टाकते. निम्म्याहून कमी असेल तर ती जपते. प्रणालीची समजूत अशी की थोडा मजकूर ठळक असेल तर तो हेतुपुरस्सर असणार, आणि बहुतेक सगळाच ठळक असेल तर ते परिच्छेदाचे रूप असणार. देणगीदारांच्या यादीत एका ओळीतले ठळक नाव टिकते आणि दुसऱ्या ओळीतले नाहीसे होते, त्याचे रहस्य हेच. लांब नावाने ओळीचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापलेला असतो. अशी नावे थेट ठळक न करता त्यांसाठी एक अक्षर-शैली करावी, म्हणजे नावाचे ठळकपण योगायोगावर अवलंबून राहत नाही.

दुसऱ्या फाईलीतून आणलेला मजकूर

स्मरणिकेसारख्या कामात दहा लेखकांचे दहा लेख दहा संगणकांवरून येतात. प्रत्येकाची 'नॉर्मल' निराळी. ते एका फाईलीत चिकटविताना काय होते? दोन्हीकडे एकाच नावाची शैली असून व्याख्या भिन्न असेल, आणि 'येथील शैली वापरा' हा पर्याय निवडला असेल, तर आलेला मजकूर या फाईलीतील व्याख्येप्रमाणे बदलतो. 'मूळ रूप ठेवा' असे निवडले, तर पाहुणा आपली मांडणी बरोबर आणतो, आणि ती बहुधा थेट मांडणीच्या रूपाने चिकटून बसते. पुढे कितीही शैली बदला, तो मजकूर फटकून राहतो.

यास्तव चिकटविल्यानंतर दिसणाऱ्या लहान बटणातून 'केवळ मजकूर' हा पर्याय घ्यावा आणि मग आपल्या शैली लावाव्यात, हा सर्वांत निर्मळ मार्ग होय. त्यात मूळ लेखातील तिरपी व ठळक अक्षरे जातात. तेव्हा मूळ प्रत समोर ठेवून ती पुन्हा घालण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. लेखकाने ज्या शब्दावर जोर दिला तो शब्द साधा करून टाकण्याचा अधिकार जुळणी करणाऱ्यास नाही.

मराठी मजकुराचे वेगळे दुखणे

येथवरचे बिघाड कोणत्याही भाषेत होतात. पुढचे मात्र खास आपले आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

शैलीत आकार १४ पॉइंट केला, रोमन अक्षरे मोठी झाली, परंतु मराठी अक्षरे १२ पॉइंटवरच राहिली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. कारण असे की वर्डमध्ये आणि लिब्रे ऑफिसमध्ये एका शैलीत अक्षरांचे दोन निराळे कप्पे असतात. एक रोमन लिपीसाठी आणि दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिपींसाठी. देवनागरी या दुसऱ्या वर्गात मोडते. फॉन्ट, आकार, ठळकपणा, तिरपेपणा हे गुण दोन्ही कप्प्यांत स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. शैली बदलताना आपण पहिला कप्पा बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. 'मॉडिफाय'मधून फॉन्टचा तपशीलवार तक्ता उघडून त्यातील कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भाग स्वतंत्रपणे भरावा. तो भाग दिसतच नसेल, तर प्रणालीच्या भाषा-विभागात मराठी भाषा जोडली आहे की नाही ते पाहावे.

सीमाभागातील आणि परप्रांतांतील मराठी संस्थांनी आणखी एक काळजी घ्यावयाची आहे. बेळगावच्या कार्यालयात मराठीबरोबर कन्नड, बडोद्यास गुजराती आणि हैदराबादेत तेलुगू मजकूर एकाच पत्रात येतो. या चारही लिपी त्या एकाच कप्प्यातून आपला फॉन्ट घेतात. तेथे 'मंगल' हा फॉन्ट असेल तर त्यात देवनागरी आहे, कन्नड नाही. कन्नड अक्षरे दुसऱ्या कोणत्या तरी फॉन्टमधून आणली जातात आणि त्या ओळीची उंची बाकीच्या ओळींशी जमत नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या 'निर्मला यूआय' या फॉन्टमध्ये देवनागरी, कन्नड, गुजराती व तेलुगू या सर्व लिपी आहेत. बहुभाषी पत्रांच्या शैलीत तो ठेवल्यास हा विसंवाद बराचसा टळतो.

जुन्या फॉन्टमधील मजकूर

याहून गंभीर बिघाड जुन्या फाईलींत होतो. 'कृतिदेव', 'श्रीलिपी' यांसारख्या पद्धतींत लिहिलेल्या फाईली आपल्या संस्थांच्या कपाटांत वर्षानुवर्षांच्या पडून आहेत. त्या काळच्या अशा बहुतेक फॉन्टांत संगणकाच्या लेखी साठविलेली अक्षरे रोमन किंवा इतर चिन्हेच असतात. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा वेष चढवितो. अशा परिच्छेदाला नवी शैली लावली आणि निम्म्याहून अधिक मजकुरास तो फॉन्ट थेट दिलेला असला, की वर सांगितलेल्या नियमाने वेष उतरतो आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. पाहणाऱ्यास वाटते की मजकूर नष्ट झाला. तो नष्ट झालेला नसतो. कंट्रोल व झेड दाबून पाऊल मागे घ्यावे, किंवा तो मजकूर निवडून मूळ फॉन्ट पुन्हा द्यावा. घाबरून सारे पुन्हा टंकित करण्याची गरज नाही.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. तेथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतींत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांसारखी मराठीची खास अक्षरे यांत घोटाळा होण्याचा संभव असतो. रूपांतरानंतर एकदा शब्दशः वाचन झालेच पाहिजे, विशेषतः व्यक्तींची नावे आणि रकमा यांचे. तत्काळ रूपांतर शक्य नसेल, तर जुन्या मजकुरासाठी तोच फॉन्ट नोंदलेली एक स्वतंत्र शैली करावी आणि तिच्या नावातच 'जुना फॉन्ट' असे शब्द घालावेत, म्हणजे पुढचा माणूस सावध राहतो.

जागा, ओळी आणि पाने

वेलांटी, रफार किंवा अनुस्वार वरून कापलेले दिसत असतील, तर ओळींमधील अंतर 'एक्झॅक्टली' या पर्यायाने जखडलेले आहे असे समजावे. रोमन अक्षरांना पुरणारे अंतर देवनागरीच्या वरखाली पसरलेल्या मात्रांना पुरत नाही. शैलीत 'ॲट लीस्ट' किंवा पटीचे अंतर द्यावे.

परिच्छेदांमधील जागा शैलीत नोंदवूनही दिसत नसेल, तर 'समान शैलीच्या परिच्छेदांत जागा सोडू नये' अशा अर्थाचा पर्याय चालू असण्याचा संभव आहे. यादीसाठी असलेल्या 'लिस्ट पॅराग्राफ' शैलीत तो मुळातच चालू असतो. जागा हवी म्हणून रिकामे परिच्छेद घालणे हा उपाय नव्हे. तीच सवय वरील नियमावलीस भोवली.

पान अर्धे रिकामे सोडून मजकूर पुढच्या पानावर उडी मारीत असेल, तर अदृश्य खुणा दिसत्या करून परिच्छेदाच्या डाव्या बाजूस लहान काळा चौकोन दिसतो का ते पाहावे. 'पुढील परिच्छेदासोबत ठेवा', 'ओळी एकत्र ठेवा', 'आधी नवे पान' यांपैकी काही चालू असल्याची ती खूण असते. मथळ्यास पहिला पर्याय आवश्यकच आहे, नाहीतर मथळा पानाच्या तळाशी एकटा राहतो. परंतु मथळ्याची शैली साध्या मजकुरास लावून तो केवळ हाताने लहान केला असेल, तर परिच्छेदांची साखळीच बांधली जाते आणि ती अख्खीच्या अख्खी पुढच्या पानावर जाऊ पाहते.

क्रमांकांविषयी

आता पुन्हा त्या ३१ नियमांकडे येऊ. क्रमांक आपोआप पडू देणे चूक नव्हते. चूक दोन ठिकाणी होती. पहिली, एका नियमावरची थेट आज्ञा, म्हणजे बॅकस्पेस. क्रमांक जर शैलीत नोंदलेला असेल, तर त्या परिच्छेदावर कंट्रोल व क्यू दाबताच तो परत येतो. दुसरी आणि खरी चूक म्हणजे पडणारे क्रमांक आपोआपचे आणि त्यांचे उल्लेख हातचे. एक हलते आणि दुसरे हलत नाही, अशी जोडी दस्तऐवजात ठेवू नये. वर्डमध्ये 'क्रॉस-रेफरन्स' घालण्याची सोय आहे. तिने 'नियम १७' हा उल्लेख त्या नियमाच्या परिच्छेदाशीच बांधला जातो. नियम सरकला, तरी छापण्यापूर्वी कंट्रोल व ए यांनी सर्व मजकूर निवडून एफ ९ दाबले की उल्लेखातील आकडाही त्याच्यामागे जातो. ज्या नियमाचा क्रमांकच पुसला गेला असेल, त्याच्या उल्लेखाच्या जागी शून्य दिसते, आणि 'नियम शून्य' हे शब्द वाचून कोणीही थबकेल.

याउलट, मंजूर झालेल्या आणि नोंदणी झालेल्या नियमावलीत क्रमांक आपोआप ठेवण्याचे काही कारण नाही. तेथे क्रमांक हा मजकुराचाच भाग होय. अशी अंतिम प्रत आपोआप पडणारे आकडे साध्या आकड्यांत बदलून, किंवा पीडीएफ करून जपावी.

कार्यालयाची शिस्त

या सर्वांचा सारांश तीन-चार सवयींत सांगता येतो. संस्थेच्या पत्रांसाठी आणि अहवालांसाठी एक टेम्प्लेट करावे आणि त्यात मोजक्याच शैली ठेवाव्यात : मुख्य मथळा, उपमथळा, मजकूर, उतारा, क्रमांकित नियम आणि सही व तारीख. सहांहून अधिक शैली लागतील असे दस्तऐवज आपल्या व्यवहारात थोडे. प्रत्येक शैलीत रोमन आणि देवनागरी असे दोन्ही कप्पे भरावेत. मथळ्याच्या शैलीत 'यानंतर मजकूर' असे नोंदवावे, म्हणजे एंटर दाबताच पुढचा परिच्छेद आपोआप योग्य शैलीत सुरू होतो. बाहेरून येणारा मजकूर निर्मळ करूनच आत घ्यावा. आणि एखादा परिच्छेद बिघडलेला दिसला, तर तो दिसेल तसा सजवून वेळ मारून न नेता त्याची शैली कोणती आणि चिठ्ठी कोणती, हे आधी विचारावे.

ताळेबंद जुळला नाही, तर आपण शेवटची बेरीज खोडून हवी ती रक्कम लिहीत नाही. रात्र झाली तरी चालेल, पण ज्या नोंदीत फरक पडला ती नोंद शोधून काढतो. पानावरच्या मजकुरालाही हाच न्याय लावावा. बिघाड जेथे दिसतो तेथे तो क्वचितच उपजलेला असतो.

मात्र एवढे सारे करूनही एक काम यंत्राकडे सोपविता येत नाही. ज्या कागदावर संस्थेचा ठराव, सभासदाचे नाव किंवा रुपयांचा आकडा आहे, तो छापण्यापूर्वी जुनी प्रत शेजारी ठेवून कोणीतरी मोठ्याने वाचलाच पाहिजे. त्या संस्थेचा लवाद आजही शाबूत आहे, तो शैलीच्या ज्ञानामुळे नव्हे, तर एका जुन्या माणसाच्या वाचण्याच्या सवयीमुळे. शैलीचे ज्ञान आम्हांस नंतर झाले. त्या सवयीला या ज्ञानाची जोड मिळाली, तर पुढील पिढीच्या कारकुनांस असा प्रसंग पाहावा लागणार नाही.